डांगराला पहिली सुरी

आमच्या घरात मला वर्षातून एकच काम हाय. डांगराला पहिली सुरी लावायची. बाकी सगळं माझ्यावाचून चालतं, आन् लई चांगलं चालतं.

ज्याला ठाऊक नाय त्याला सांगतो. डांगर म्हणजे लाल भोपळा. आमच्यात अख्खं डांगर बाईमाणसानं फोडायचं नाय, पहिला घाव पुरुषानं घालायचा, असा दस्तूर. कामून, ते विचारू नका. मी माझ्या आईला विचारलं होतं. ती म्हणली, "बाईनं फोडलं तर घराला बाधतं." काय बाधतं, कसं बाधतं, तिलाबी ठाऊक नव्हतं. पुरुषानं एकदा सुरी रुतवली की संपलं. मग बाईनं त्याच्या फोडी कराव्या, बिया काढाव्या, साल काढावी, फोडणी घालावी, वाढावं, भांडी घासावी. त्यातलं काय बाधत नाय.

म्हणजे बघा. माती भुसभुशीत करणार बायको. बी टोचणार बायको. नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक, म्हणून आंघोळीचं पाणी बादली-बादलीनं वेलाला घालणार बायको. आन् डांगर पिकून सालीवर पांढरी झाक आली की ओट्यावर ठेवून हाक मारणार, "अवो, या, लावा सुरी." मग मी बनियन खाली ओढून, मिशीवर हात फिरवून जायचं. पुलाची फीत कापायला पाहुणा येतो ना, ज्यानं त्या पुलाची एक वीट उचललेली नसती, तसं. एक घाव घालायचा आन् परत खाटेवर, तंबाखू मळत.

ह्या एका घावावर मी घरात पुरुष म्हणून टिकून होतो. आधी लोडिंग रिक्षा चालवायचो, तवा जरा तरी भाव होता. गुडघ्यानं जवाब दिला, रिक्षा विकली, मग सुरी तेवढी उरली.

गल्लीतबी माझं नाव होतं बरं. नाव म्हणजे काय, दिवसा उजेडी गल्लीत सापडणारा पुरुष मी एकटाच. बाकीचे वाळूजला कंपनीत. समोरची नर्सबाई, तिच्या पलीकडची म्हातारी, सगळ्या हाक मारायच्या, "भाऊ, जरा सुरी लावून जा ना." मी जायचो. च्या घ्यायचो. डांगर फोडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दसपट मिजास करायचो. सुरीची धार अंगठ्यावर बघायची, डांगराला टिचकी मारून ऐकायचं. टिचकीतून काय ऐकू येतं ते मला आजबी कळत नाय. पण बायका गप बसून बघायच्या. तेवढं सुख मला कोणत्याच कामात कधी मिळालं नाय, कारण दुसरं काम मला येतच नव्हतं.

घर आमचं हर्सूलच्या अलीकडं. घरामागं एक पट्टी सुटलेली. बिल्डरनं ती कशासाठी सोडली ते त्यालाच ठाऊक, बहुतेक नजरचुकीनं. त्या पट्टीत बायकोनं सगळं कोंबलंय. कोपऱ्यात सीताफळ, त्याच्या अंगाला पेरू. मोडलेल्या खाटेच्या लोखंडावर मांडव केलेला, त्याच्यावर दुधी आन् दोडका. भिंतीवर वाल, खाली भेंडी. न्हाणीच्या पत्र्यावर डांगराचा वेल पाय पसरून झोपलेला, माझ्यासारखा. फरक एवढाच की त्याला फळं येतेत.

गणपती गेले, पाऊस ढिला पडला की ह्या पट्टीला एकदम जोर चढतो. दसरा-दिवाळीपर्यंत सगळं एकाच वेळी तोडायला येतं. रोज टोपलंभर. बायको पहाटे उठून तोडायची, मी उठायचो तवा भाजी चिरून झालेली असायची. मला वाटायचं भाजी अशीच उगवती, चिरलेली.

मागल्या वर्षी माझं जे झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळंल. एक दोस्त वैजापूरला कांदा बघायला निघाला होता. मला म्हणला, चल. मला कांद्यातलं काय कळत नाय, दोस्ताला ते ठाऊक होतं, तरी म्हणला चल, कारण गाडीत गप्पा मारायला कोणीतरी पाहिजे. मी गेलो. तिथं कोणाच्या तरी शेतावर जेवण, मग मुक्काम, मग अजून एक मुक्काम. इकडं सोयगावहून सासूबाई आल्या. बायकोनं त्यांना फोनवर सांगून ठेवलेलं की या, डांगराचे घारगे करते. डांगर ओट्यावर. गूळ किसलेला. तेल काढलेलं. सुरी लावणारा वैजापुरात. परक्या माणसाला बोलावून आपल्या घरचं डांगर फोडायचं, तेबी आईच्या डोळ्यादेखत, हे बायकोच्या जिवावर आलं. सासूबाई बटाट्याची भाजी खाऊन परत गेल्या. जाताना एवढंच म्हणल्या, "सुरी लावायलाबी नवरा गावत नाय व्हय गं?"

ते वाक्य बायकोनं वर्षभर जपून ठेवलं.

यंदा गौरी उठल्या आन् तिनं मला समोर बसवलं. "ऐका. यंदा सुरी फुकट नाय."

"म्हणजे?"

"मागच्या पट्टीतला माल तुमी तोडायचा. काय तोडायचं, कवा तोडायचं, डोळ्यानं बघून. दसऱ्याला आई येणार हाय. तवर नीट तोडलं तर सुरी तुमची. नायतर मी चाचांना सांगते."

चाचा म्हणजे शेजारचे. टेलर होते, आता मशीन पोरांच्या हवाली करून भिंतीला खुर्ची लावून बसतेत. आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीवर त्यांची मान कायम दिसती, घड्याळासारखी. त्यांनी ते ऐकलं.

"मेरे को बीच में मत लो भाभी," चाचा म्हणले. "हमारे यां तो औरतांच काटते. अम्मा काटती थी, अब ये काटती."

"आन् काय बाधत नाय?" बायकोनं विचारलं.

"क्या बाधता? घर तो खड़ाच है."

मी हसलो. म्हणलं, "चाचा, तुमचं तुमच्या घरी, आमचं आमच्या घरी." पण बायको हसली नाय. ती चाचांच्या घराकडं बघत राहिली. भिंत, पत्रा, वर टाकी, सगळं जागेवर होतं. मी तवाच सावध व्हायला पाहिजे होतं. पण मला सावध करायला ट्रकचा हॉर्न लागतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तोडायला लागलो. पहिली भेंडी. मी बघितलं, काही बारक्या, काही लांबलचक. बारक्या कशाला तोडायच्या, वाढू द्याव्या, म्हणून लांब-लांब तेवढ्या तोडल्या आन् छाती फुगवून टोपलं ठेवलं. बायकोनं एक उचलली, शेंडा मोडून बघितला. मोडेना. वाकडी झाली, पण मोडेना.

"ही शिजवायची का चुलीत घालायची?"

"मोठी हाय ना."

"मोठे तर तुमीबी हाव."

बारक्या राहू दिलेल्या, त्या दोन दिवसांत लांब झाल्या. मग मी चिडून एकदा सगळ्याच तोडल्या, करंगळीएवढ्या सुद्धा. वाल तोडायला गेलो तर शेंगांबरोबर फुलाचे तुरे ओरबाडून आणले. बायकोनं ते तुरे बाजूला काढून माझ्या पुढं ठेवले. तुऱ्यातलं एकेक फूल म्हणजे एकेक शेंग होती म्हणे. मला वाटलं होतं शोभेला हाय.

सीताफळाचं तर विचारू नका. पोपट यायला लागलेले. म्हणलं पोपटाच्या आधी आपण. झाडावर हाताला लागतील तेवढी हिरवीगार सीताफळं तोडली आन् गव्हाच्या कोठीत पुरून ठेवली, पिकायला. रोज झाकण उघडून दाबून बघायचो. दगड. मग काळा दगड. शेवटी बायकोला गव्हात हात घालताना एक लागलं. तिनं ते ओट्यावर आपटलं. ओट्याला काय झालं नाय, सीताफळालाबी काय झालं नाय.

"डोळे उघडल्याबिगर तोडलं व्हय?" ती म्हणली. सीताफळाच्या अंगावर त्या गाठी असतेत ना, त्या डोळ्यांच्या मधली रेघ पांढरी-पिवळी पडून फाकली पाहिजे, मग तोडायचं. ह्या गावात राहून, दौलताबादच्या रस्त्याला रिक्षा घालून, सीताफळाच्या पाट्या वाहून मला ते ठाऊक नव्हतं. मी पाट्या वाहिल्या, पाटीत बघितलं नाय कधी.

चाचांनी भिंतीवरून एक काळं सीताफळ हातात घेऊन फिरवलं. "ये तो तराजू में रखने का माल है भाऊ," म्हणले. "बाट के बदले."

असं रोज. दसरा जवळ येत होता आन् सुरी लांब चालली होती, ते मला दिसत होतं. पण मी त्या चार लोकांतला हाय ज्यांना वाटतं, एक मोठा हात मारला की मागचं सगळं धुऊन निघंल. जन्मभर एक मोठा हात मारायची वाट बघितली. मारला तवा असा मारला.

गल्लीच्या तोंडाला एक रिटायर साहेब राहतेत. कोणत्या खात्यात होते ते त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता माझ्या ध्यानात राहत नाय. त्यांनी गच्चीवर बाग केली. बाग म्हणजे कुंड्या, पिशव्या, नारळाचा भुसा, आन् प्रत्येक कुंडीत एक पाटी, झाडाचं नाव लिहिलेली. झाड दिसत नाय, पाटी दिसती. कॉलनीतल्या अशाच हौशी लोकांचा मोबाईलवर ग्रुप हाय. त्याच्यावर साहेब रोज सकाळी एका टमाट्याचा फोटो टाकतेत. मला तर संशय हाय टमाटा एकच हाय, रोज बाजू बदलून काढतेत. साहेब झाडांशी बोलतेत म्हणे. त्यांच्याशी घरात कोणी बोलत नसंल.

मी च्यापत्ती आणायला निघालेलो. साहेब गेटवर.

"काय भाऊ, यंदा तुमच्याकडं काही आलं का? की नुसताच पाला?"

आता साहेबाला काय ठाऊक मी घरात कोणत्या परीक्षेला बसलोय. पण "नुसताच पाला" हे मला लागलं, कारण ते बागेबद्दल खोटं होतं आन् माझ्याबद्दल खरं होतं. म्हणलं, थांबा साहेब. तसाच माघारी आलो. बायको दळण आणायला गेलेली. मांडवाखाली शिरलो आन् वर बघितलं.

मागच्या बाजूला, पानांच्या आड, एक दुधी लटकत होता. हातभर लांब, मांडीएवढा जाड, सालीवर चकाकी. आन् त्याच्या देठाला लाल फडकं बांधलेलं, बायकोच्या जुन्या लुगड्याचं.

इथं मी तुम्हाला माझ्या रिक्षाचं सांगतो, नायतर माझं डोकं कसं चाललं ते कळायचं नाय. माझ्या रिक्षाला मागं लिंबू-मिरची होती. बिब्बा होता. काळी बाहुली होती. बारक्या लेकराचा एक बूट होता. घोड्याच्या शेपटीचा गोंडा होता. इतकं होतं की मागचा नंबर दिसायचा नाय. तरी रिक्षा मागूनच ठोकली गेली, पण माझा भरवसा हलला नाय. म्हणून फडकं दिसलं की माझ्या डोक्यात दुसरं काय येतच नाय. नजरेचं. बायकोला हा दुधी सगळ्यात आवडतो, त्याला नजर लागू नये म्हणून बांधलंय. म्हणजे हाच सगळ्यात भारी. म्हणजे हाच साहेबाच्या तोंडावर मारायचा.

देठ कापला. फडकं काढून खाली टाकलं, साहेबासमोर ते बरं दिसत नाय म्हणून. दुधी खांद्यावर घेऊन गदेसारखा गल्लीतून गेलो. साहेबाचे डोळे केवढे झाले! चष्म्याच्या बाहेर आले. "अरे वा, अरे वा," म्हणत त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी म्हणलं, "ठेवा साहेब, आमच्याकडं असा पाला लई पडलाय." येताना मला वाटत होतं की आज बायको स्वतःहून सुरी हातात देती.

ती आली. पिठाचा डबा ठेवला, हात धुवायला मागं गेली. लई वेळ आली नाय. मग आली तवा हातात ते फडकं.

"हे खाली कामून पडलं?"

मी सगळं सांगितलं. साहेब काय म्हणला, मी काय म्हणलो, त्याचे डोळे कसे झाले. हात हलवून हलवून सांगितलं. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"तो बियाचा होता," ती म्हणली.

मला कळलं नाय. मग तिनं सांगितलं, आन् लहान पोराला सांगतेत तसं सांगितलं नाय, मेलेल्या माणसाबद्दल सांगतेत तसं सांगितलं. हे बी तिच्या आईचं. लग्नानंतर पहिल्या पावसाला सोयगावहून आलेलं. दरसाल ती एक चांगला दुधी वेलावर तसाच ठेवती, जून व्हायला, वाळायला. हलवला की आत बी खुळखुळ वाजलं पाहिजे, तवा तोडायचा. कोणी चुकून तोडू नये म्हणून फडकं. सोयगावला आता तिचा भाऊ पाकिटातलं बी आणतो, आईकडंबी हे बी राहिलं नाय. मागलं होतं नव्हतं ते सगळं यंदा पेरलं. आता वेल वाळायला लागलाय. दुसरा दुधी धरून तो बियाला येईल एवढा दम त्याच्यात नाय.

"इतक्या वर्षांत तुमी हे फडकं कवाच बघितलं नाय व्हय?"

"बघितलं. नजरेचं वाटलं."

"कोणाची लागणार हाय? तुमची तर कवा तिकडं पडलीबी नाय."

मी चप्पल घातली आन् परत साहेबाकडं गेलो. गच्चीवर चढलो तर काय. साहेबानं तो दुधी आपल्या कुंडीतल्या वेलाला हिरव्या दोऱ्यानं टांगलेला! त्यांचा वेल मेलेल्या सुतळीसारखा, आन् त्याला आमचा दुधी. वेल जाळीवर नसता तर दुधीसकट कुंडी आडवी झाली असती. फोटो काढून झालेला. ग्रुपवर गेलेला, स्वतःच्या गच्चीवरचा म्हणून. लोकं अंगठे दाखवत होती.

"साहेब, दुधी परत पाहिजे."

"परत? अहो, दिलेली वस्तू कोणी परत मागतं का?"

"खायचा नाय साहेब तो, बियाचा हाय."

"असू दे हो. रविवारी मंडळी बघायला येणार आहेत. मी आता त्यांना काय सांगू?"

इथं कोणीबी माणूस काय म्हणला असता ते मला ठाऊक हाय. घरी जाताना जिन्यावर ते सगळं मला सुचलं, एकापेक्षा एक. पण साहेबापुढं मी काय म्हणलो? "बरं साहेब," म्हणलो. "रविवारनंतर बघू," म्हणलो. वर आन् त्यांच्या टमाट्याला छान म्हणलो. जन्मभर ट्रॅफिकवाल्यापुढं, व्यापाऱ्यापुढं, ज्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट त्याच्यापुढं "बरं साहेब" म्हणायची जिभेला एवढी सवय की आपली वस्तू मागतानाबी तेच निघालं.

घरी हात हलवत आलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. ओट्यावरची सुरी घेतली, पदर खोचला आन् निघाली. मी मागून. चाचा भिंतीपलीकडं खुर्चीवरून उठून उभे राहिले, बसलेला माणूस असा उठलेला मी पहिल्यांदाच बघितला.

बायको साहेबाच्या गच्चीवर गेली. साहेब म्हणले, "अहो वहिनी, या, बसा." ती बसली नाय. हिरवा दोरा सुरीनं कापला, दुधी खाली पडायच्या आत झेलला आन् कडेवर घेतला, लेकरू घेतेत तसा.

"अहो पण, रविवारी..."

"फोटो काढला ना साहेब? मग झालं तर," ती म्हणली, आन् उतरली.

मी साहेबाकडं बघून हसलो. कामून हसलो ते मला सांगता येत नाय. साहेब हसले नाय.

घरी आल्यावर तिनं दुधी कानाशी धरून हलवला. आवाज नाय. देठ अजून हिरवा. नखानं साल दाबून बघितली. "आतलं बी दुधाळ असंल," म्हणली. "झालं तर झालं." आन् न्हाणीच्या पत्र्याखाली, सावलीला, फडकं परत बांधून टांगला. आता ते बी उगवतं का मरतं, हे पुढल्या पेरणीला कळणार. सुरीचं मला विचारायचं धाडस झालं नाय. पण मनात म्हणलं, दस्तूर तो दस्तूर. मी कितीबी गाढव असलो तरी पुरुष हाय. डांगराला तेवढंच लागतं.

नवमीला तिनं सुरी घासली, हळद-कुंकू लावलं, फूल ठेवलं. माझ्या रिक्षाच्या जुन्या पान्यालाबी लावलं. मला बरं वाटलं. सासूबाई आदल्या दिवशीच आलेल्या. दसऱ्याला सकाळी डांगर ओट्यावर आलं. यंदाचं डांगर असं की दोन्ही हातांत मावंना. मी आंघोळ करून धुतलेला बनियन घातला. उगाच ओट्यापाशी घुटमळलो. सासूबाई पाटावर बसलेल्या, गूळ किसत होत्या.

"लावा जावईबापू," त्या म्हणल्या. "यंदा गावला बाई नवरा."

मी मिशीवरून हात फिरवला. पुढं झालो. टिचकी मारायला बोट उचललं.

"बसा तुमी," बायको म्हणली.

आवाज चढवला नाय. भाजी वाढताना बसा म्हणतेत, तसं म्हणली. मी बसलो. ती ओट्यासमोर उभी राहिली, डाव्या हाताचा पंजा डांगरावर ठेवला आन् सुरी घातली.

"अगं ए! बाधतं!" सासूबाईंच्या हातातला गूळ खाली पडला.

"बाधू दे. ह्यांनी तोडलेलं जेवढं बाधलं तेवढं कशानं बाधणार नाय."

सुरी अर्ध्यात अडकली. जून डांगर, साल जाड. सासूबाई तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मी बघत होतो. माझ्या मनात आलं, आता थांबंल. आता म्हणंल, अवो, या जरा. ती सुरी तशीच हलवत होती, आत जात नव्हती. मी उठायला म्हणून खाटेवरून पाय खाली सोडले.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "अशी नगं," म्हणल्या. "वरून दाब दे. मी धरते." आन् म्हातारीनं दोन्ही हातांनी डांगर धरलं. फाटकन आवाज झाला. आतून केशरी रंग निघाला, बियांचा गुंता निघाला, वास घरभर झाला. दोघी मायलेकी त्याच्याकडं बघत राहिल्या, आपण काय केलं ते त्यांना आत्ता कळल्यासारख्या.

"गोड असंल," सासूबाई म्हणल्या.

मी दिवसभर वाट बघितली. खोटं कशाला बोलू, मी देवाला सांगितलं की काहीतरी बाधू दे. मोठं नको. पंखा बंद पडू दे. टाकीला गळती लागू दे. नायतर सासूबाईंच्या पोटात तरी दुखू दे, संध्याकाळपर्यंत, मग राहू दे. काय झालं नाय. त्या दिवशी दूधसुद्धा उतू गेलं नाय. उलट नळाला पाणी आलं, वेळ नसताना. सासूबाईंनी घारगे खाल्ले, परत मागून खाल्ले, चाचांच्या घरी ताट गेलं. मीबी खाल्ले. लई चांगले झालेले, त्याचंच वाईट वाटलं.

चाचा भिंतीवरून म्हणले, "क्या भाऊ, घर खड़ा है ना?"

"खड़ा है चाचा."

"मैं बोला था ना."

गल्लीत बातमी जायला वेळ लागत नाय. दोन दिवसांनी नर्सबाईच्या दारावरून गेलो तर ओट्यावर डांगराच्या फोडी, पाटीभर. मला बघून म्हणली, "भाऊ, या ना, च्या घ्या." च्या मिळाला. सुरी लावली का कोणी, हे मी विचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. च्यात साखर कमी होती, का मलाच तसं वाटलं.

आता दिवाळी तोंडावर आलीय. भाजी परत बायकोच तोडती, पहाटे, मला न उठवता. मी आपलं एक काम स्वतःच काढलंय. रोज सकाळी न्हाणीच्या पत्र्याखाली जातो आन् तो दुधी कानाशी धरून हळूच हलवतो. देठ आता वाळलाय. साल पिवळट पडलीय. आत बी खुळखुळलं तर बायकोला पहिल्यांदा मी सांगणार, एवढीच इच्छा.

परवा वाजलं. खरंच वाजलं, बारीक, खुळ् खुळ् असं. मी तिथूनच ओरडलो, "अगं ए, ये लवकर! वाजलं!" ती हातातलं टाकून पळत आली. इतक्या वर्षांत माझ्या हाकेला ती पळत आलेली मला आठवत नाय. तिनं दुधी कानाशी धरला, हलवला. डोळे मिटून ऐकलं. परत हलवला.

मग डोळे उघडून माझ्या खिशाकडं बघितलं.

"तुमची चुन्याची डबी वाजती ती," म्हणली. "ती बाहेर ठेवून हलवत जा."